लाकडी धनुष्याला दोरी कशाची, आणि किती धाग्यांची?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. धामणीच्या लाकडाचं एक सरळ धनुष्य घरीच केलं आहे. खाचेपासून खाचेपर्यंत ६६ इंच, २८ इंच ओढलं की काट्यावर ३८ ते ४० पौंड दाखवतं. टोकं अर्ध्या इंचापेक्षा थोडी कमी रुंद, दोन्ही बाजूंना कानशीने खाचा घातल्यात. वर शिंगबिंग काही नाही, नुसतं लाकूड.

सध्या हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी लावली आहे. बाण जातो, पण मेल्यासारखा जातो. चार बाण मारले की दोरी सैल पडते, परत गाठ मारायची. आता नीट दोरी वळायची आहे. तक्ते बरेच सापडले. ४० पौंडांना कोणी १० धागे सांगतं, कोणी १२, कोणी १४, आणि फास्टफ्लाइट नावाचा धागा घेतला तर म्हणे ६ सुद्धा चालतात. पण १२ का आणि ८ का नाही, हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी सांगावं. (शिकारीचा प्रश्नच नाही, मागच्या परड्यात पेंढ्यांची गंजी आहे, तिच्यावर नेम.)

चक्रमपंत

धाग्यांचा धागा! १२ प्रतिसाद आले की पुरेसा मजबूत होईल. तोवर लक्ष ठेवून आहे.

आकडेमोड

आधी हिशोब मांडू. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरच. बी-५० म्हणून जो मिळतो त्याचा एकेक धागा साधारण ५० पौंडांना तुटतो. १२ धागे म्हणजे ६०० पौंड. तुमचं धनुष्य ४० चं. म्हणजे १५ पट ताकद झाली!

बरं, पूर्ण ओढून धरल्यावर दोरीच्या एकेका बाजूवर किती ताण असतो? तुमच्या धनुष्यात ३५ च्या आत-बाहेर, म्हणजे ४० पेक्षाही कमीच, कारण भार दोन बाजूंत वाटला जातो. खरा दणका बसतो तो बाण सुटताना. दोरी सरळ होते, दोन्ही भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) एकाएकी थांबतात आणि त्या क्षणी ताण कित्येक पटींनी उसळतो. म्हणून जुना ठोकताळा असा की दोरीची ताकद धनुष्याच्या वजनाच्या, म्हणजे ते पूर्ण ओढायला जितके पौंड लागतात त्याच्या, किमान ४ पट हवी. ४० चौके १६०. बी-५० चे चार धागे वळले की कागदावर काम झालं.

मग १२ का? तुटू नये म्हणून नाहीच. चार धाग्यांची दोरी लांबते. प्रत्येक धाग्यावर भार जितका जास्त तितका तो ताणला जाणार आणि हळूहळू कायमचा लांबत राहणार. शिवाय ती बाणाच्या खाचेत खुळखुळेल, बोटं कापेल आणि टोकाच्या लाकडात रुतेल. तुम्ही वाचलेले तक्ते या चार कारणांवर उभे आहेत. डॅक्रॉनसाठी सगळीकडे फिरणारा तक्ता साधारण असा: २० ते ३० पौंडांना ८, २५ ते ३५ ला १०, ३५ ते ४५ ला १२, ४५ ते ५५ ला १४ आणि त्यापुढे १६. मधल्या आकड्यांत रेंगाळत असाल तर बाणाची खाच बघून ठरवा.

सड्यावरचा

वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे धागे जितके जास्त तितकं चांगलं? सरळ १६ चीच वळू का मग?

आकडेमोड

नको. दोरीचं वजन भुजांनाच ओढावं लागतं. दोरीचा मध्य बाणाच्या वेगाने धावतो आणि टोकं जवळजवळ जागच्या जागी असतात, त्यामुळे गणित केलं तर दोरीच्या वजनाचा एक तृतीयांश भाग बाणालाच बांधल्यासारखा धरता येतो. दोरी ३० ग्रेनने (बाण तोलायचं बारीक माप) जड झाली तर बाण १० ग्रेनने जड केल्यासारखं. ४५० ग्रेनच्या बाणाला त्याने वेगात शेकडा एकाचा फरक पडेल. म्हणजे रडण्यासारखं काही नाही, पण फुकटही नाही. मध्यावरची गुंडाळणी, म्हणजे बाण लागतो तिथे दोरीवर गुंडाळलेला दोरा, मात्र आखूड ठेवा. तिथलं वजन पूर्ण वेगाने धावतं, तिला एक तृतीयांशाची सूट नाही.

पोर्टस्मथकर

इथे इंग्लंडात लाँगबोच्या, म्हणजे जुन्या वळणाच्या लांब लाकडी धनुष्याच्या, क्लबात जातो, म्हणून दोन शब्द. फास्टफ्लाइट, डी-९७ वगैरे मंडळी म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन, डायनीमा-स्पेक्ट्राच्या जातीचं. एकेक धागा १०० पौंडांच्या आसपास किंवा वरच, आणि ताणला जात नाही म्हटलं तरी चालेल. बाण सेकंदाला काही फूट जास्त वेगाने जातो आणि नेम मारताना ते जाणवतं, हे खरं.

पण लाकडाच्या बाबतीत हीच गोम आहे. डॅक्रॉन शेवटच्या झटक्याला थोडं लांबतं आणि दणका गिळतं. ही दोरी गिळत नाही, सगळा झटका टोकाच्या खाचेत उतरवते. त्यात ती बारीक. सहा धाग्यांचा फास उघड्या लाकडाच्या खाचेत घातला तर तो खाच चिरत जातो, आणि खाचेपासून निघालेली चीर रेषेरेषेने भुजेत उतरली की धनुष्य गेलं. आमच्याकडे लाकडी धनुष्यांच्या टोकांवर गाईचं शिंग बसवतात ते शोभेसाठी नव्हे.

पोर्ट्समथला मेरी रोझ जहाजाचं संग्रहालय आहे. ते १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात १३० हून जास्त अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण निघाले. धनुष्यांची वजनं १०० पौंडांच्या खूप वर धरतात. दोरी मात्र एकही टिकली नाही. पण बाणांच्या खाचा साधारण ३ मिलिमीटर रुंद आहेत, म्हणजे तेवढ्या जाडीत त्या लोकांनी तागाच्या जातीच्या धाग्यावर ते अवजड धनुष्य सांभाळलं. धाग्याची आणि वळणाऱ्याच्या हाताची प्रत काय असेल बघा!

रानवाटाड्या

पोर्टस्मथकर, थोडा असहमत. मी बांबूची पाठ लावलेल्या धनुष्यावर कायम डी-९७ वापरतो. टोकावर शिसवीचा तुकडा चिकटवून त्यात खाच काढली आहे, आणि फासापाशी जास्तीचे धागे घालून तो जाड केला आहे. मधली दोरी ८ धाग्यांची, फासात १४. लाकडाला काही होत नाही. दोष धाग्याचा नसतो, बारीक फासाचा असतो.

पोर्टस्मथकर

मान्य आहे की. पण तुम्ही टोकावर तुकडा चिकटवला आहे आणि फास भरून घेतला आहे. धागाकर्त्याचं टोक उघडं धामणीचं आहे. दोन्ही गोष्टी करायच्या असतील तर खुशाल फास्टफ्लाइट. नसतील तर डॅक्रॉन.

सड्यावरचा

पटलं. पहिली दोरी डॅक्रॉनचीच. पण मनात एक होतं, आपल्याकडे पूर्वी कशाची वळायचे? लिननची (जवसाच्या धाग्याची) हौस आहे, खोटं कशाला बोलू.

ताम्रपट

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात यादीच आहे: मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु, स्नायू. मूर्वा म्हणजे आज आपण कुंडीत जे स्नेक प्लांट ठेवतो त्याच्या जातीचं, लांब तंतूंचं झाड. अर्क म्हणजे रुई, माळावर फुकट उगवते ती. शण म्हणजे ताग. गवेधु हे गवत. वेणु म्हणजे बांबू. आणि स्नायू जनावराचे. मनुस्मृतीतही क्षत्रियाची मेखला मूर्वेच्या ज्येची सांगितली आहे. म्हणजे प्रत्यंचेचा पहिला मान मूर्वेचा होता असं दिसतं.

सातपुडी

वेणु म्हणजे बांबू हे वाचून इथे बहुतेकांना वाटेल की धनुष्याबद्दल चाललंय. नाही, दोरीच बांबूची. मी धडगावकडे शाळेवर असतो. भिलांच्या तीरकामठ्यात कामठा बांबूचा आणि दोरीही बांबूच्या सालीची. जून बांबूची एक लांब कामटी काढायची, बाहेरची चिवट साल ठेवायची आणि आतला मऊ गर विळ्याने तासून टाकायचा. पेऱ्यांची गाठ येते तिथे सगळा कस लागतो. जास्त तासलं तर तिथेच तुटते, कमी तासलं तर तिथेच ताठ राहून मोडते. म्हातारे लोक कामटी डोळ्यांपुढे धरतात, वाकवून बघतात, परत दोन हात फिरवतात, परत वाकवतात. दोन्ही टोकांना फास.

ती चपटी असते, त्यामुळे बोटात वेगळी लागते. ताणली जवळजवळ जात नाही. पावसात तिचं काही बिघडत नाही, हा मोठा गुण. तुमच्या तक्त्यात बसवायचं तर धागे: एक!

चक्रमपंत

एका धाग्याची दोरी. आकडेमोड साहेब, चारपटीचा हिशोब करा आता.

आकडेमोड

बांबूच्या बाहेरच्या सालीत तंतू सगळ्यात दाट असतात, ताणाला ती फार जबरदस्त. एक सेंटिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड पट्टी ४ पट नियमात आरामात बसेल. गाठीत कमजोर होते एवढंच, आणि म्हणूनच सातपुडी म्हणतात तसं सगळं कौशल्य पेऱ्यात आणि फासात.

एक_वाचक

भील बाण सोडताना अंगठा वापरत नाहीत म्हणे, एकलव्यामुळे. खरं का?

सातपुडी

गोष्ट सगळे सांगतात. पण दोन-तीन बोटांनी ओढायच्या पद्धतीत अंगठा तसाही लागत नाही, युरोपातही लागत नाही. अंगठ्याने ओढतात ते तुर्की-मंगोल वळणाचे शिंगाच्या धनुष्यवाले. त्यावर वेगळा धागा काढा, इथे दोरीवर राहू.

सुईदोरा

लिननबद्दल मी सांगते. पुस्तकबांधणी करते, त्यामुळे लिननचा दोरा रोज हातात. सड्यावरचा, भाऊ, हौस चांगली आहे, पण आधी दोऱ्याची परीक्षा घ्या. रिळावर लिहिलेल्या आकड्यावर दोरी वळू नका.

एक धागा घ्या. त्याला गाठ मारून वजन टांगू नका, गाठीत धागा निम्म्यावर तुटतो आणि तुमचा सगळा हिशोब चुकतो. दोन्ही टोकं गुळगुळीत पाइपाच्या तुकड्याभोवती पाच-सहा वेढे घेऊन अडकवा, मधे ताणकाटा लावा आणि ओढा. तीन-चार वेळा करून सगळ्यात कमी आकडा धरा, सरासरी नको. समजा धागा १२ पौंडांना तुटला. ४ पट म्हणजे १६० पौंड, त्याला १४ धागे. पण वनस्पतीच्या धाग्यात एखादा तुकडा कच्चा निघतोच, शिवाय पीळ आणि घर्षण काही ताकद खातात. म्हणून मी ६ पट धरेन: २४० पौंड, २० धागे. म्हणजे लिननमध्ये मात्र धाग्यांची संख्या खरोखर तुटण्यावरच ठरते, डॅक्रॉनसारखी जाडीवर नाही.

लिनन ताणलं जात नाही, डॅक्रॉनपेक्षा कितीतरी कमी. नेमाला सुरेख. पण फासाशी रोज बघावं लागतं. एक धागा पिंजलेला दिसला तरी दोरी बदलायची, कारण चालू नेमात दोरी तुटली तर लाकडी धनुष्य बहुतेक वेळा सोबत जातं.

पावशेर_पाऊस

कोकणातल्या पावसात लिनन टिकेल का?

सुईदोरा

ओलं झालं की लिनन आणि ताग उलट थोडे मजबूतच होतात, सुती दोऱ्यासारखेच. पण लांबी बदलते आणि ओलसर राहिले की कुजतात. म्हणून मेण. मधमाश्यांच्या मेणात थोडी राळ वितळवून घ्या, नुसत्या मेणाने धागे एकमेकांवर घसरतात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते ती तात किंवा स्नायूची दोरी मात्र पावसाळ्यात विसरा, ओल शोषली की ढिली पडते. रेशीमही ओलं झालं की कमजोर होतं.

ताम्रपट

१३४६ च्या क्रेसीच्या लढाईत म्हणे पावसाने जिनोआच्या लोकांच्या आडव्या धनुष्यांच्या (क्रॉसबोच्या) दोऱ्या भिजल्या आणि इंग्रजांनी आपल्या काढून आत ठेवल्या होत्या. तेव्हाचे इतिवृत्तकार असं लिहितात. आडव्या धनुष्याची दोरी पटकन काढता येत नाही, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे.

सड्यावरचा

हार्डवेअरमधली सुतळी, काथ्या, मासेमारीची लाइन, यातलं काही चालेल का? रत्नागिरीच्या धक्क्यावर लाइन सहज मिळते.

रानवाटाड्या

सुतळीचे तंतू आखूड आणि पीळ सैल, तुटणार. काथ्या इतका लांबतो की बाण ओढून घरी आणावा लागेल. नायलॉनची एकेरी लाइन नको, तुमच्या दोरीचा आजार तोच आहे: नायलॉन रबरासारखं ताणलं जातं, तुमची शक्ती दोरी ताणण्यात जाते. विणलेली मासेमारीची लाइन म्हणजे बहुतेक डायनीमाच, ती चालते, पण घसरडी आहे. फासाची वळणं लांब ठेवा आणि वर सांगितलेली टोकाची पथ्यं पाळा. चपला-बूट शिवणाऱ्यांकडे जाड पॉलिएस्टरचा दोरा असतो, तो डॅक्रॉनचा गरीब भाऊ. ताईंच्या पद्धतीने तोडून बघा आणि धागे ठरवा.

आणि एक. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी मे महिन्यात डायनीमाची दोरी चढवून धनुष्य गाडीत ठेवू नये. उष्णतेत ती भाराखाली लांबत जाते. लाकूडही कायमचं वाकतं, तो वेगळा तोटा.

पोर्टस्मथकर

आता वळायची रीत लिहितो, फ्लेमिश पद्धत. साचा नसला तरी दोन खिळ्यांवर जमते.

तुमच्या धनुष्याला तयार दोरी ६३ इंचांच्या आसपास लागेल. धागे ८२ इंचांचे कापा, बारा. सहा-सहाचे दोन पेड करा, शक्यतो दोन रंगांचे, म्हणजे चूक दिसते. पेडातल्या धाग्यांची टोकं एका रेषेत ठेवू नका, एकेक अर्धा-पाऊण इंच मागे-पुढे, म्हणजे शेवट निमुळता होतो आणि दोरीत गाठोडं दिसत नाही. टोकाकडचे ८-९ इंच चांगले मेण चोळून घ्या.

टोकापासून ८ इंचांवर धरा. वरचा पेड अंगठ्याने स्वतःपासून दूर पिळा, पिळलेला तसाच स्वतःकडे आणून दुसऱ्या पेडावर टाका. आता दुसरा वर आला. तोही दूर पिळा, आपल्याकडे टाका. पेड एका दिशेला, जोडी उलट्या दिशेला, त्यामुळे सुटायला बघतात तेव्हा एकमेकांना आवळतात. वरच्या फासासाठी असं तीन इंच वळा, कारण तो फास भुजेवरून खाली सरकला पाहिजे. खालचा फास लहान, जेमतेम टोकातून जाईल एवढा. वळलेला भाग दुमडा, शेपटं आपापल्या रंगाच्या पेडात मिसळा आणि तसंच चार-पाच इंच पुढे वळत जा. दुसरं टोक वळण्याआधी दोन पेड मधे एकमेकांत गुंतलेले नाहीत ना ते बोट घालून सोडवा, नाहीतर एक पेड लांब आणि एक आखूड होतो आणि सगळा भार सहाच धाग्यांवर येतो. हे फार जणांचं होतं.

शेवटी सगळ्या दोरीला फास आवळतील त्याच दिशेने पीळ द्या. उलटा दिलात तर फास उघडू लागतील.

आकडेमोड

पिळाबद्दल एक भर. नवीन डॅक्रॉन पहिले काही दिवस बसतं आणि लांबतं. तुमच्या मापात दोरी पाव इंच लांबली तर दोरी आणि मुठीमधलं अंतर त्याहून जास्त उतरतं. घाबरू नका, फास काढून आणखी पीळ द्या. अंतर ६ ते ६.५ इंच ठेवा. पण पिळालाही मर्यादा आहे. दोरी स्प्रिंगसारखी दिसू लागली की पीळ जास्त झाला. मग नवी आखूड दोरी वळा.

सड्यावरचा

बारा धाग्यांची झाली मंडळी! लाल-पांढरी. ६.२५ इंचांवर स्थिरावली. बाण आता आवाज करून जातो, पेंढ्यांत पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आत. मध्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळला, पण माझ्या बांबूच्या बाणांची खाच त्याच्यावर घट्ट बसते. खाच मोठी करू की गुंडाळणी बदलू?

रानवाटाड्या

गुंडाळणी बदला, बारीक दोऱ्याने करा. बाणाच्या खाचेचे ओठ पातळ केले की ते फुटतात. बाण दोरीत अडकवा, टोक जमिनीकडे करून धनुष्य आडवं धरा, म्हणजे बाण दोरीला लोंबकळेल. मग दोरीवर बोटाने टिचकी मारा. नुसताच पडला तर सैल, टिचकीनेही पडला नाही तर घट्ट. टिचकीला सुटून पडला पाहिजे. आणि बाण लावायची खूण काटकोनापेक्षा अर्धा इंच वर करा. हातावरून मारताय, खाली केलीत तर बाणाची पिसं बोटाला घासतील.

सुईदोरा

गुंडाळणी दोन्ही बाजूंनी फार लांब नेऊ नका. वरती जिथे बोटं संपतात त्याच्या दीड-दोन इंच पुढे, खाली तीनेक इंच. मनगटाला लागत असेल तर खाली थोडी जास्त.

पावशेर_पाऊस

माझ्या १० वर्षांच्या मुलीला बांबूचं १५-१८ पौंडांचं करून दिलंय. तिला किती धागे?

आकडेमोड

डॅक्रॉनचे ८. ताकदीला ३ सुद्धा पुरले असते, पण बाणाची खाच तुमच्या बाणांएवढीच असणार. त्यामुळे दोरी ८ ची आणि मध्यावर जाड दोऱ्याची गुंडाळणी. आणि रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.

पावशेर_पाऊस

सोडून झालीय. तीनदा.

रानवाटाड्या

मग भुजांच्या पोटावरून (ओढताना आपल्याकडे असते त्या बाजूवरून) बोट फिरवा, उजेडात आडव्या सुरकुत्या दिसतात का बघा. नसतील तर चालू द्या. असतील तर मुलीला नवं करून द्या, तेच परत ओढायला देऊ नका.